खाते नावे पडले तर : विद्यार्थी, पालक आणि बँक

शाळेत आपण मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवतो, सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकवतो, नफा-तोट्याची उदाहरणे घालतो. पण बँकेचा खातेउतारा कसा वाचावा, हे मात्र शिकवीत नाही. पूर्वी ते चालून जात असे, कारण विद्यार्थ्याचा बँकेशी संबंधच येत नव्हता. आता पहिली शिष्यवृत्ती मंजूर झाली की खाते लागते, आणि पाचवी-सहावीतील मुलाच्या नावेही पासबुक निघते. आपल्या ट्रस्टची मदतसुद्धा पूर्वी हातात रोख दिली जाई, आता ती खात्यावर जमा होते. तेव्हा विद्यार्थ्याच्या खात्याचे आरोग्य हा आता शिक्षणाचाच प्रश्न झाला आहे.

या लेखात एकाच अडचणीचा विचार करावयाचा आहे. विद्यार्थ्याचे खाते शून्याच्या खाली जाते, बँक ते बंद करते आणि अमुक रक्कम भरा अशी नोटीस घरी येते. अनगोळसारख्या वस्तीत, जेथे घरचा कर्ता उद्यमबागेतील कारखान्यात कामाला जातो किंवा वडगाव-शहापूरकडे मागावर बसतो, तेथे अशी नोटीस म्हणजे घरावर आलेले संकटच वाटते. काही पालक घाबरून मागितलेली सगळी रक्कम उसनी आणून भरतात. काही जण नोटीस फडताळात ठेवून देतात आणि त्या बँकेच्या दारातून जावयाचेच सोडतात. माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. भरण्यापूर्वी उतारा मागावा, आणि उताऱ्यातील आपण खर्च केलेला पैसा व आपल्यावर लागलेला आकार वेगळा काढावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

१. जमा आणि नावे

आपल्या जुन्या पेढ्यांत रोजकीर्द आणि खतावणी लिहीत. आलेली रक्कम 'जमा', गेलेली 'नावे'. एखाद्याने ठेवल्यापेक्षा जास्त उचलले की त्याच्या खात्याला 'नावे बाकी' निघे. बँकेत हीच गोष्ट घडली म्हणजे तिला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. शब्द परका असला, तरी व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

बँकेच्या जगात या सवलतीचा आरंभ १७२८ साली एडिंबरो शहरात झाला असे सांगतात. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला त्याच्या ठेवीपेक्षा जास्त रक्कम उचलण्याची मुभा दिली. माल विकून पैसे येण्यास वेळ लागतो आणि देणेकरी आधी दारात उभा राहतो, ही व्यापाऱ्याची अडचण त्यामुळे दूर झाली. म्हणजे ओव्हरड्राफ्ट हा मुळात अपराध नाही. ठरवून, मर्यादा घालून दिलेले ते अल्प मुदतीचे कर्ज आहे. आपल्याकडे २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेतही ही सोय ठेवण्यात आली. आरंभी तिची मर्यादा ५,००० रुपये होती, ती २०१८ साली १०,००० रुपये करण्यात आली.

परंतु मागून घेतलेला ओव्हरड्राफ्ट आणि न मागता पडलेली नावे बाकी यांत फार फरक आहे. पहिल्यात दोन्ही पक्षांची संमती असते. दुसऱ्यात खातेदाराला बहुधा काही ठाऊकच नसते, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत जवळजवळ नेहमी दुसराच प्रकार आढळतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँक म्हणजे मोठ्या लोकांची इमारत आणि आपण तेथे आश्रित, ही समजूत खरी नव्हे. आपल्याच कर्नाटकात उडुपी येथे १९०६ साली हाजी अब्दुल्ला हाजी कासीम साहेब बहादूर यांनी पुढाकार घेऊन एक बँक काढली. तीच पुढे कॉर्पोरेशन बँक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या दिवसाची जमा ३८ रुपये १३ आणे २ पै इतकीच होती. एवढ्याशा पुंजीवर उभी राहिलेली ती संस्था पुढे देशभर पसरली आणि १ एप्रिल २०२० रोजी युनियन बँकेत विलीन झाली. सामान्य माणसाच्या दोन-दोन पैशांवर बँका मोठ्या झाल्या आहेत. म्हणून लहान खातेदाराने आपल्या खात्याचा हिशेब विचारणे हा उद्धटपणा नसून त्याचा हक्क आहे.

२. खाते शून्याखाली कसे जाते

शिल्लक नसताना पैसे निघतातच कसे, असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. खिडकीवर जाऊन शिल्लकीपेक्षा जास्त मागितले तर कोणी देणार नाही. पण खात्यातून पैसे जाण्याच्या वाटा आता अनेक झाल्या आहेत. कार्डावर केलेली खरेदी कधी कधी उशिरा खात्यावर चढते. चुकून जमा झालेली रक्कम बँक परत काढून घेते. कार्डाचा वार्षिक आकार, संदेशांचा आकार, धनादेश किंवा हप्ता परत गेल्याचा आकार हे यंत्र आपोआप नावे टाकते. या प्रत्येक आकारावर १८ टक्के जीएसटी चढतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

वर्गात फळ्यावर मांडावे तसे एक उदाहरण मांडू. आकडे केवळ शिकवणीसाठी घेतले आहेत. निरनिराळ्या बँकांचे आकार निरनिराळे असतात.

कॉलेजात जाणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या खात्यात ४२० रुपये शिल्लक आहेत. त्याने हप्त्यावर मोबाईल घेतला होता. काही बिघाड निघाल्यामुळे तो दुकानदाराला परत केला. व्यवहार मिटला असे त्याला वाटले. पण खात्यातून दरमहा हप्ता वळता करण्याची जी मंजुरी त्याने दिली होती, ती तशीच राहिली. पुढे काय झाले ते पाहा.

पहिला महिना : हप्ता परत गेला. आकार २५० रुपये, जीएसटी ४५ रुपये, एकूण २९५ नावे. बाकी १२५ जमा.
दुसरा महिना : तोच आकार २९५ नावे. बाकी १७० नावे.
तिसरा महिना : पुन्हा २९५ नावे. बाकी ४६५ नावे.
कार्डाचा वार्षिक आकार जीएसटीसह २३६ नावे. बाकी ७०१ नावे.
संदेशांचा आकार १७ रुपये ७० पैसे नावे. बाकी ७१८ रुपये ७० पैसे नावे.
किमान शिल्लक न राखल्याचा दंड जीएसटीसह ११८ नावे. बाकी ८३६ रुपये ७० पैसे नावे.
पूर्वी कार्डावर केलेली, उशिरा चढलेली खरेदी ५०० नावे. बाकी १,३३६ रुपये ७० पैसे नावे.

मग नोटीस येते : १,३३६ रुपये ७० पैसे भरा. घरात बोभाटा होतो की पोराने बँकेचे तेराशे रुपये उडवले. पण उतारा वाचा. पोराने स्वतः खर्चलेले त्यात फक्त ५०० आहेत. मंजुरी वेळेवर रद्द न केल्यामुळे लागलेले ८८५ आहेत. कार्डाचे व संदेशांचे मिळून २५३ रुपये ७० पैसे आहेत. उरलेले ११८ रुपये किमान शिलकीच्या दंडाचे आहेत. या सर्वांची बेरीज १,७५६ रुपये ७० पैसे होते. तीतून मूळचे ४२० वजा केले की मागणीचा आकडा बरोबर मिळतो. आकडा गणिताने बरोबर आहे, परंतु त्यातील प्रत्येक रक्कम नियमाने बरोबर आहेच असे नाही. यापुढचा विचार त्याबद्दलच आहे.

३. दंडाविषयी नियम काय सांगतो

किमान शिलकीच्या दंडावर देशात मोठा गाजावाजा झाला, तो २०१७ साली. भारतीय स्टेट बँकेने त्या वर्षी एप्रिलपासून हा दंड पुन्हा लागू केला, आणि एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत तिने त्यापोटी १,७७१ कोटी रुपये वसूल केल्याचे सरकारी आकड्यांवरून उघड झाले. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील बँकेच्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम अधिक होती. ज्याच्याजवळ शिल्लक नाही त्याच्याकडूनच शिल्लक नसल्याचा दंड घ्यावयाचा, या गोष्टीवर सर्वत्र टीका झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून बँकेने अज्ञान मुलांची आणि निवृत्तिवेतनधारकांची खाती या दंडातून वगळली, २०१८ मध्ये दंड पुष्कळ कमी केला आणि मार्च २०२० मध्ये सर्वच बचत खात्यांवरील तो काढून टाकला. पुढे २०२५ साली कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही तसेच केले. लोकांनी विचारणा केली म्हणून हे घडले, हे विसरू नये.

मात्र सर्वच बँकांनी दंड सोडलेला नाही. जेथे तो आहे तेथेही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आज्ञा काढली आणि ती १ एप्रिल २०१५ पासून अमलात आली. शिल्लक कमी झाली तर बँकेने खातेदाराला आधी कळवावे आणि ती भरून काढण्यास निदान एक महिन्याची मुदत द्यावी. दंड जितकी तूट असेल तितक्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडामुळे बचत खाते शून्याखाली जाऊ देऊ नये. वरच्या उदाहरणात खाते आधीच नावे असताना तो दंड चढवला आहे. तेव्हा ते ११८ रुपये वगळावेत अशी मागणी विद्यार्थ्याने लेखी करावी. तिला नियमाचा आधार आहे.

आणखी दोन नियम विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहेत. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. अशा खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करण्यास आकार घेता येत नाही. शिष्यवृत्ती व सरकारी मदत यांसाठी काढलेली शून्य शिलकीची खाती तर, दोन वर्षे व्यवहार नसला तरी, निष्क्रिय ठरवू नयेत असे १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत आहे. तसेच २०१२ सालापासून प्रत्येक बँकेने 'मूलभूत बचत खाते' देणे बंधनकारक आहे. त्यात किमान शिलकीची अट नाही आणि कार्डालाही आकार नाही. विद्यार्थ्याला बहुधा हेच खाते पुरते. पण आपण नावाने मागितल्याशिवाय ते क्वचितच पुढे केले जाते.

४. विद्यार्थी अज्ञान असेल तर

कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील व्यक्ती 'अज्ञान' होय. तिची बुद्धी कमी असे येथे म्हणावयाचे नसून तिला करार करण्याचा अधिकार नाही, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या अकराव्या कलमात हे सांगितले आहे. त्याचा नेमका परिणाम काय, याचा निर्णय एका गाजलेल्या खटल्यात लागला.

कलकत्त्याचा धर्मोदास घोष हा अज्ञान असताना १८९५ साली त्याने ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे आपले घर २०,००० रुपयांच्या कर्जापोटी गहाण लिहून दिले. सावकाराच्या मुखत्याराला मुलाचे वय ठाऊक होते, तरी दस्त झाला. पुढे आईच्या द्वारे मुलाने फिर्याद लावली की हा दस्त रद्द व्हावा. दरम्यान सावकार वारला आणि मोहरी बीबी त्याच्या जागी खटल्यात उभी राहिली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९०३ साली निकाल लागला की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्यवत आहे, आणि त्याच्या आधारावर त्याच्याकडून पैसे परत मागता येत नाहीत. शंभरहून अधिक वर्षे हा निकाल आपल्या न्यायालयांत प्रमाण मानला जात आहे. सज्ञान झाल्यावर जुन्या कर्जाला नुसती मान्यता दिली म्हणूनही ते वैध होत नाही.

याच कारणाने बँकांवर जबाबदारी येते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ६ मे २०१४ रोजी दिली, तेव्हा सोबत अटही घातली की अज्ञानाचे खाते कधीही नावे पडू देऊ नये, ते नेहमी जमाच असावे. एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या नव्या आज्ञेत हीच अट पुन्हा सांगितली आहे. म्हणून अकरावीतील सोळा वर्षांच्या मुलीच्या नावे नोटीस आली, तर पालकांनी प्रथम विचारावे : खाते नावे पडले त्या दिवशी तिचे वय काय होते, आणि बँकेने ते पडू कसे दिले?

येथे पालकांना एक इशारा दिला पाहिजे. हा कायदा लहानांच्या रक्षणासाठी आहे, त्यांच्या हातून लबाडी करून घेण्यासाठी नव्हे. मुलाच्या खात्यावर चुकून दुसऱ्याचे पैसे आले आणि घरच्यांनी ते खर्चून टाकले, तर 'मुलगा अज्ञान आहे' ही ढाल पुढे करणे न्यायाला व नीतीला धरून नाही. चुकून मिळालेला पैसा परत केला पाहिजे, हे त्याच करार कायद्याच्या ७२ व्या कलमात सांगितले आहे.

५. नोटीस आल्यावर काय करावे

पहिली गोष्ट, नोटीस वाचावी. आपल्या सीमाभागात हेच कठीण असते. मुलगा मराठी किंवा उर्दू माध्यमाचा आणि नोटीस इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, असे नेहमी घडते. बँकेचे छापील अर्ज व पासबुक इंग्रजी, हिंदी आणि राज्यभाषा अशा तीन भाषांत असावेत असा दंडक आहे. मराठी मुलाला त्यातील हिंदी मजकूर देवनागरीमुळे वाचता येतो. तो शोधून वाचण्याची सवय लावावी. नोटीस समजली नाही तर शिक्षकाकडे किंवा ट्रस्टच्या कार्यालयात न्यावी. न समजलेल्या कागदावर सही करू नये.

दुसरी गोष्ट, ही नोटीस कोणाची आहे ते पाहावे. बेळगाव भागात बँकांबरोबर अनेक पतसंस्था व सौहार्द सोसायट्या आहेत. लोक बोलताना सर्वांनाच बँक म्हणतात. परंतु सोसायटी ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते.

तिसरी गोष्ट, घाबरू नये. साधी नावे बाकी हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी कोणाला अटक होत नाही. मात्र आपण दिलेला धनादेश न वटणे ही निराळी बाब असून तिच्यासाठी फौजदारी तरतूद आहे, आणि हप्त्याची मंजुरी परत जाण्याविषयीही तशी तरतूद केलेली आहे. म्हणून धनादेश आणि मंजुरी या गोष्टी हलक्या हाताने देऊ नयेत. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, धाकदपटशा करू नये, अशी रिझर्व्ह बँकेची २०२२ सालची आज्ञा आहे.

चौथी गोष्ट, शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज असा असावा :

"मा. शाखाधिकारी साहेब, स. न. वि. वि. आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. माझ्या खात्याचा, ते उघडल्यापासूनचा संपूर्ण उतारा मिळावा. त्यातील प्रत्येक आकार कोणत्या दरपत्रकानुसार व कोणत्या तारखेस लावला, आणि त्याची सूचना मला केव्हा दिली, ते कळवावे. किमान शिलकीच्या दंडामुळे नावे पडलेली रक्कम वगळावी. मी स्वतः खर्च केलेली रक्कम भरण्यास तयार आहे. मी विद्यार्थी असल्याने उरलेल्या आकारांत सवलत मिळावी व देय रक्कम हप्त्यांनी भरण्याची परवानगी द्यावी. माझ्या खात्यावरील हप्त्याची मंजुरी आजपासून रद्द करावी. कळावे, आपला विश्वासू."

असा अर्ज सभ्यपणे दिला असता शाखाधिकारी पुष्कळदा आकार कमी करतात. माझ्याकडे नोटीस घेऊन आलेल्या काही पालकांचे काम एवढ्यावरच भागले. न भागल्यास, किंवा तीस दिवसांत उत्तर न आल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. निरनिराळे लोकपाल एकत्र करून १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही एकच व्यवस्था करण्यात आली आहे. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

पाचवी गोष्ट, लोकअदालतीची सूचना आली तर अवश्य जावे. तेथे तडजोड लवकर होते. पण तेथील निवाड्यावर अपील नसते. म्हणून आकडा पटल्याखेरीज सही करू नये.

सहावी गोष्ट, पैसे भरल्यावर 'देणे बाकी नाही' असा दाखला मागून घ्यावा. बँकेने खाते बंद केले म्हणजे देणे मिटले, असा समज पुष्कळांचा असतो. तसे नाही. खाते बंद झाले, किंवा बँकेने आपल्या वहीतून ती बाकी निर्लेखित केली, तरी मागणी उभीच राहू शकते. शिवाय थकबाकीची नोंद पतमाहिती ठेवणाऱ्या संस्थेकडे गेलेली असू शकते. पुढे तोच विद्यार्थी इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागावयास जातो, तेव्हा तीन-चार वर्षांपूर्वीचे तेराशे रुपये आडवे येतात. प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पतअहवाल विनामूल्य मागता येतो. तो मागवून चूक असल्यास दुरुस्त करून घ्यावी.

६. सोडून दिलेले खाते

नोटीस फडताळात ठेवण्याचे नुकसान कोणते, ते येथे सांगितले पाहिजे. शिष्यवृत्तीची रक्कम आता बहुतेक ठिकाणी आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते. विद्यार्थ्याने जुने खाते सोडून दुसऱ्या बँकेत नवे काढले, पण आधारची जोड जुन्यालाच राहिली, तर शिष्यवृत्ती त्या जुन्या, नावे पडलेल्या खात्यावर जमा होते. तेथे आधी खड्डा भरतो आणि मग उरले तर विद्यार्थ्याला मिळते. फीची तारीख निघून जाते, पैसे का आले नाहीत हे मात्र कोणालाच कळत नाही.

मदतीचा पैसा असा देण्यात वळता होणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न २०२४ साली केरळात फार तीव्रतेने पुढे आला. ३० जुलै रोजी वायनाड जिल्ह्यात मुंडक्काई व चूरलमाला येथे दरडी कोसळून शेकडो माणसे गेली. वाचलेल्यांच्या खात्यावर सरकारने तातडीची मदत म्हणून दहा हजार रुपये जमा केले. केरळ ग्रामीण बँकेने त्यांतून काहींच्या जुन्या कर्जाचे हप्ते कापून घेतले. लोक शाखेसमोर जमले, मुख्यमंत्र्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि बँकेने कापलेले पैसे परत केले. यंत्राने हिशेब बरोबर केला होता. तो हिशेब कोणाच्या तोंडचा घास काढतो आहे, हे पाहणारे मात्र माणूस लागले. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अशी वळती झाल्यास त्यानेही ताबडतोब लेखी विचारणा करावी, आणि नवे खाते काढल्याबरोबर आधारची जोड बदलून घ्यावी.

७. देण्याची नीती

आमच्या घरांतून व्याजाविषयी संकोच असतो, आणि त्यामुळे बँकेचा कागद हातीच धरू नये अशी वृत्ती काही ठिकाणी दिसते. पण कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील २८२ वी, ही देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. त्याआधीच्या आयतींपैकी एकीत, ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी असे सांगितले आहे. वारसांत वाटणी करण्यापूर्वी मृताचे देणे फेडावे, हीही आज्ञा आहे. आपल्या मराठी मुलुखात तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची खते इंद्रायणीत सोडल्याची कथा घरोघर सांगतात. देणेकऱ्याने देणे विसरू नये आणि घेणेकऱ्याने दया विसरू नये, या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरांनी बरोबरच शिकविल्या आहेत. बँकेपुढे जाताना विद्यार्थ्याने पहिली पाळावी आणि दुसरी सन्मानाने मागावी.

आपल्या ट्रस्टने आजवर अनेक मुलांची फी भरली, पुस्तके दिली, वसतिगृहाचा खर्च उचलला. या मंगलप्रसंगी एक विनंती करावीशी वाटते. मदतीचा धनादेश देताना चालकांनी विद्यार्थ्याचे पासबुक एकदा उघडून पाहावे : खाते कोणत्या प्रकारचे आहे, बाकी जमा आहे की नावे, आधार कोणत्या खात्याला जोडले आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यालयात कोणी जाणत्या माणसाने बसून मुलांचे उतारे वाचून दाखवावेत. याला खर्च नाही, आणि दिलेली मदत योग्य हातात पोहोचल्याची खात्री होते.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी थोडा स्वाध्याय देतो. (१) आपल्या खात्याचा प्रकार कोणता, हे पासबुकावरून लिहा. (२) गेल्या वर्षाच्या उताऱ्यातील सर्व आकारांची बेरीज करा आणि त्यातील जीएसटी वेगळा काढा. (३) हप्त्याची एखादी मंजुरी दिली असल्यास ती केव्हा संपते ते शोधा. (४) वर दिलेल्या उदाहरणात पहिल्याच महिन्यात मंजुरी रद्द केली असती, तर किती रुपये वाचले असते?

चौथ्याचे उत्तर ५९० रुपये. आपल्या वस्तीतील एखाद्या घरात तेवढ्यात मुलाच्या वह्या येतात.